खांडेनवमीचा दाणा

१

शकुंतलेचं पत्र आलं त्या दिवशी मोरेश्वर देशकरांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि हातातल्या पुस्तकात खुणेसारखं ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं मनाशी म्हटलं. दिवाळी उलटून गेली तरी तो उद्या काही उगवला नाही.

पत्रात तिनं फार मोठं काही मागितलं नव्हतं. "बाबूजी, तुम्ही सौंसरच्या तहसिलीत बंदुकांच्या परवान्याचं काम पाहत होते म्हणून लिहून राहिली. चाप न ओढता ती बंदूक उडते का, एवढंच कळवा. हे म्हणतात मी चापाले बोटच लावलं नाही. वकील म्हणतो असं होतच नाही. दिवाळीनंतर छिंदवाड्याच्या कोर्टात पेशी आहे."

'हे' म्हणजे तिचा नवरा कवडू. रामाकोन्याजवळ रघुनाथराव खोड्यांची संत्र्याची बाग आहे, तिथला हा जुना सालदार. १९८६ सालच्या दसऱ्याला, संध्याकाळी, पूजेच्या पाटावरची शस्त्रं आत नेऊन ठेवताना त्याच्या हातातली बावीस बोअरची कार्बाईन उडाली आणि दारात उभ्या असलेल्या अरविंदच्या, रघुनाथरावांच्या एकुलत्या एका मुलाच्या, छातीत गोळी गेली. बंदुकीची मॅगझीन, म्हणजे काडतुसांची डबी, त्या वेळी आतल्या कपाटात कुलूपबंद होती. तेव्हा नळीत कोणीतरी मुद्दाम काडतूस घालून ठेवलं होतं हे उघड होतं. आठवड्यापूर्वी बागेचं फाटक उघडं राहून माकडं शिरली म्हणून अरविंदनं कवडूच्या थोबाडीत मारली होती, हेही गावाला ठाऊक होतं. पोलिसांना आणखी काही लागलं नाही.

मोरेश्वररावांना बंदुकांविषयी पुष्कळ माहिती होती. पण सगळी वाचलेली. नोकरीभर त्यांनी बंदुका तपासल्या, नंबर जुळवले, कंपन्यांची माहितीपुस्तकं रात्रीच्या जेवणानंतर कादंबरीसारखी वाचली. उडवली मात्र एकही नाही. आता हो लिहावं आणि कोर्टात कोणी विचारावं, "तुम्ही कधी गोळी झाडली आहे का?" या एका प्रश्नाच्या भीतीनं त्यांची लेखणी उचलत नव्हती.

पांढुर्ण्याच्या घरी त्यांची धाकटी बहीण मालती त्यांचं सगळं पाही. पुस्तकं झटकताना ते पत्र तिच्या हाती लागलं.

"दादा, या बाईले उत्तर दिलं का?"

"विचार करतोय."

"विचार! अन् तो तिथं जेलात बसून राहिला. दिवाळी होऊन गेली. तुह्या विचाराची पेशी कधी हाय ते सांग, म्हणजे तारीख वाढवून घेऊ त्याची."

मोरेश्वररावांनी पत्र खिशात घातलं, काठी घेतली आणि सौंसरची पहिली गाडी धरली. पत्राचं उत्तर देण्यापेक्षा गाडीत बसणं त्यांना सोपं वाटलं.

२

सौंसरला बसस्टँडसमोर सुरेश खोड्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. सुरेश हा रघुनाथरावांचा पुतण्या. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून त्याचं नि अरविंदचं वर्षभर बोलणं नव्हतं. तरी सणाला तो काकांच्या घरी आला होता, नवमीच्या रात्री तिथंच झोपला होता.

"या बाबूजी!" सुरेश गादीवरूनच म्हणाला. "रिटायर झाल्यावर लोक भजनात बसतात, तुम्ही डिटेक्टिव्ह झाले का?"

मोरेश्वररावांचे कान तापले. "नाही हो. आपलं सहज... कवडूच्या बायकोनं विचारलं होतं."

"मंग सहज विचारा. माह्यावर शक हाय नं? सगळ्या गावाचा होता, कवडू सापडला म्हणून वाचलो." तो हसला, पण हसू लगेच मावळलं. "अरविंदाशी भांडण होतं, कबूल. पण ते पाण्याचं होतं जी. रक्ताचं नव्हतं."

"त्या संध्याकाळी तुम्ही काय पाहिलं?"

"काकाजीनं आदल्या दिवशीच डबी काढून कपाटात ठेवली होती. बोल्ट, तो सरकता खिट्टा, मागं ओढून अडकवून ठेवला होता, सगळ्यांना दिसावं म्हणून, की बंदूक रिकामी हाय. दसऱ्याला संध्याकाळी कवडूनं एका हातात विळा घेतला अन् दुसऱ्या हातानं बंदूक उचलली. वजनच काय हो तिचं! पोरगंही काठीसारखी फिरवेल. उचलता उचलता पाटाच्या कडेले लागली, खट्ट झालं अन् त्याच्यातच बार झाला. दोन आवाज नाही आले. एकच."

"मग?"

"मंग काय, लोकांनी कवडूले तिथल्या तिथं धरला, खांबाले बांधला. ठाणेदार येईतो काकाजी बंदुकीपाशी बसून होते. कोणाले हात लावू देत नव्हते. पंच म्हणून माही सही हाय. विळा उचलला त याच शर्टाले कुंकू लागलं, आजूनही डाग गेला नाही." त्यानं बाही पुढं केली. "बंदूक मात्र लखलखीत. ठाणेदार म्हणाला, पाहा, बोटांचे ठसे पुसले हरामखोरानं."

मोरेश्वरराव बाहीवरच्या डागाकडं पाहत राहिले. पाटावरचं प्रत्येक हत्यार हळदी-कुंकवानं माखलेलं, आणि एकटी बंदूक पुसलेली. पण कवडू तर बार होताच खांबाला बांधला गेला होता.

मग पुसली कोणी?

३

ठाणेदार नवा होता, पण तहसिलीतल्या जुन्या बाबूला त्यानं खुर्ची दिली. चहाही मागवला.

"देखो बाबूजी, पाहून घ्या. तपासणीला पाठवायची आहे, नंबर लागला की जाईल. तुम्ही पाहिल्यानं ती काही बदलत नाही."

कार्बाईन टेबलावर आली. मोरेश्वररावांनी ती ओळखली. उन्हाळ्यात तिची नोंद झाली तेव्हा कचेरीतल्या नव्या माणसानं त्यांनाच बोलावून घेतलं होतं. आखूड नळी, फिक्या लाकडाचा दस्ता, हातात घेतली तर खेळण्यातली वाटावी अशी. रघुनाथरावांकडं त्याआधी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. ती गंजली तेव्हा अरविंदनं हट्टानं ही घेतली. माकडांवर त्या भागात कोणी गोळी घालत नाही, जामसांवलीचा मारुती जवळच आहे. नुसता हवेत बार करून त्यांना पिटाळायचं. त्याला ही हलकी बंदूक पुरे होती.

"हिचा बोल्ट मागं ओढून जरा धरता का? माझ्या हातात तेवढा जोर नाही," मोरेश्वरराव म्हणाले.

ठाणेदारानं बोल्ट ओढून अडकवला. मोरेश्वररावांनी चष्मा कपाळावर सरकवून आत डोळा लावला. बाहेरून लखलखीत असलेल्या बंदुकीच्या पोटात, बोल्टच्या तोंडावर, जिथून पिन बाहेर येते त्या भोकाभोवती वाळलेला पिवळा लगदा होता. आणि पिनेचं टोक बाहेर डोकावत होतं.

"ही पिन आत जायला हवी. चाप ओढल्यावरच पुढं यायची. काडीनं जरा दाबून पाहता?"

ठाणेदारानं आगकाडीचं टोक पिनेवर दाबलं. काडी मोडली. पिन हलली नाही.

"जाम आहे. तर मग?"

मोरेश्वरराव इतक्या हळू बोलले की त्याला पुढं वाकावं लागलं. "मोठ्या काडतुसाची टिकली बुडाच्या मधोमध असते. या बावीसच्या काडतुसाला टिकलीच नाही. पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, सगळीकडून. कड कुठंही चेपली की उडालं. आता समजा, ही पिन अशीच बाहेर राहून चिकटली आहे, नळीत काडतूस आहे आणि बोल्ट मागं अडकवलेला आहे. बंदूक कशाला लागली, अडकण सुटली, की स्प्रिंग बोल्टला पुढं हाणते. पिन थेट कडेवर आदळते. चापाचा संबंधच येत नाही. म्हणून आवाज एकच."

ठाणेदारानं पुराव्याच्या पुडक्यातून उडालेल्या काडतुसाचं रिकामं टोपण काढलं. बुडाच्या कडेवर खोल, नेटकी खूण नव्हती. फरपटल्यासारखा उथळ ओरखडा होता, आणि त्यात पिवळा कण.

"असेलही," ठाणेदार शेवटी म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता. "पण बाबूजी, नळीत गोळी आपोआप चालत गेली का? कोर्ट मला हेच विचारेल. गोळी घालणारा दाखवा. तो नाही दाखवला तर घालणारा कवडूच."

मोरेश्वरराव बाहेर पडले. शकुंतलेच्या प्रश्नाचं उत्तर आता त्यांच्याजवळ होतं, आणि ते कवडूच्या काही कामाचं नव्हतं.

४

रामाकोन्याला उतरून खोड्यांच्या बागेपर्यंत चालत जाताना दोन्ही बाजूंनी संत्री पिवळी होऊन लोंबत होती. तोडा सुरू व्हायला हवा होता. बागेत माणूस दिसत नव्हतं.

रघुनाथराव विहिरीकडं गेले होते. ओसरीवर केसरबाई एकट्या बसल्या होत्या. सून माहेरी गेली होती. बाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"देशकर बाबूजी का? या. बसा. पाणी देते."

"राहू द्या, वहिनी."

"कायले राहू द्या? आलेला माणूस कोरडा बसत नाही आमच्याकडं." त्यांनी तांब्या भरून आणला. मग स्वतःच म्हणाल्या, "कवडू सुटेल का हो? त्यानं नाही मारलं. दहा वर्षांचा होता तवा आला या घरी. अरविंदाले त्यानं खांद्यावर खेळवलं. मी ठाणेदाराले सांगितलं, तो ऐकून नाही राहिला."

मोरेश्वररावांना बायकांशी बोलताना नेहमी शब्द सापडत नसत. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "नवमीची पूजा तुम्हीच मांडली होती का?"

"मीच मांडते, दर साली. अवजारं धुवायची, पाटावर ठेवायची. तेलात हळद-कुंकू कालवून ज्याच्या त्याच्या तोंडाले लावायचं. विळ्याच्या दातांले, फाळाच्या टोकाले. अन् रिकामं काही पुजायचं नाही. माह्या सासूनं घालून दिलं हाय तसं. पायलीत गहू, तिफणीच्या चाड्यात मूठभर ज्वारी. ज्याचं पोट हाय, त्याच्या पोटात काहीतरी पाह्यजे, तवा साल भरल्या हातानं जाते."

"आणि बंदूक?"

"जुनीत ज्वारीचे दोन दाणे टाकत होती मी. वाकडी केली की गळून पडत." त्या क्षणभर थांबल्या. "या नवीत तिच्याच जातीचा दाणा ठेवला. अरविंदाचा शर्ट धुताना खिशात सापडला होता, तो देवाच्या कोनाड्यात ठेवला होता. मागच्या उघड्या खिडकीतून नळीच्या भोकात सरकवला, अगदी बरोबर बसला. तिथल्याच त्या मागं ओढलेल्या खिट्ट्याच्या तोंडालेही हळद लावली."

ओसरीवर माशी घोंगावत होती. मोरेश्वररावांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"तुम्हाला... भीती नाही वाटली?"

"कायची? अरविंदच म्हणत होता, आई, ही डबी काढली की ही निव्वळ काठी. अन् तो दाणा त हे सकाळीच काढतात जी. दसऱ्याच्या सकाळी सगळ्या अवजारांतले दाणे हेच काढतात अन् बियाण्यात मिसळतात. मी त्याच रात्री विचारलं त्यायले. छाती धडधडून राहिली होती माही. म्हटलं, बंदुकीतला माहा दाणा? तं म्हणाले, सकाळीच काढला, सगळ्यांबरोबर. कवडूले न कळता मागून कोणी दुसरा घातला असन, असं म्हणाले." बाईंचा श्वास सुटला. "तवा कुठं माह्या जिवात जीव आला. नाहीतर मी काय जगली असती, बाबूजी?"

मोरेश्वररावांनी नजर चुकवली. समोर गोठ्याशेजारच्या गळक्या छपरात नवमीला पुजलेली पेरणीची तिफण तशीच उभी होती. सुतकात तिकडं कोणी फिरकलं नव्हतं. तिच्या चाड्यातून, बी सोडायच्या लाकडी वाटीतून, दसऱ्यानंतरच्या पावसानं आणि रोजच्या दवानं वाढलेले, ज्वारीचे हिरवे कोंब वर आले होते.

त्या सकाळी कोणीच काही काढलं नव्हतं.

५

रघुनाथराव विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडायच्या दगडी कुंडाच्या कडेवर, बसले होते. मोरेश्वररावांना पाहून ते उठले नाहीत.

"तिफणीच्या चाड्यात ज्वारी उगवली आहे," मोरेश्वरराव म्हणाले.

एवढंच म्हणायला त्यांना बराच वेळ लागला होता. रघुनाथरावांनी मान खाली घातली. तो धिप्पाड माणूस बसल्या जागी लहान झाल्यासारखा दिसला.

"त्या सकाळी संत्र्याचा व्यापारी आला. बागेत फिरवता फिरवता दुपार झाली. दाणे काढायचे राहिले. बंदुकीत तिनं काडतूस ठेवलं असंल हे त मले सपनातही नव्हतं, बाबूजी. बार झाला, पोरगं पडलं, अन् मी बंदूक उचलली, तं खाली पडलेलं रिकामं टोपण हळदीनं पिवळं. तवा समजलं सगळं."

"म्हणून बंदूक पुसली."

"पुसली. टोपणही पुसलं. ती दारात बसली होती, अरविंदाचं डोकं मांडीवर घेऊन. तिनं त्या क्षणी पाहिलं असतं त मी दोघं गमावले असते."

"आणि कवडू?"

विहिरीत एक कबूतर फडफडलं.

"त्याच्या घरी दाणागोटा पोचवून राहिलो मी. मोठा वकील देतो. सुटंल तो, पुरावा कुठं हाय?"

"नाही सुटणार. ठाणेदार म्हणाला, गोळी घालणारा दाखवा, नाहीतर तोच. त्याचा राग सगळ्या गावानं पाहिला आहे. जन्म जाईल त्याचा आत."

"मंग मी सांगतो, मी घातलं काडतूस."

"तुम्ही का घालाल? तुमच्या मुलाला मारायला?" मोरेश्वरराव म्हणाले. "पिनेवर हळद आहे अजून. टोपणाच्या कडेतही. ते आत आहे, पुसता नाही आलं तुम्हाला. तिथं हळद कोणी लावली, ते कोर्ट विचारेल. खोटं एक दिवस टिकेल."

रघुनाथरावांनी दोन्ही हात जोडले. मोरेश्वररावांना आयुष्यात कोणी असे हात जोडले नव्हते आणि त्यांना ते सोसवेना.

"तुम्ही वाचणारे माणसं. सांगा मले, काय करू? तिले सांगू तं ती मरते. नाही सांगू तं कवडू मरतो. तुमच्या पुस्तकात हाय का याचं काही?"

"नाही," मोरेश्वरराव म्हणाले.

ते थारोळ्याच्या कडेला टेकले. "तिनं मारलं नाही. ज्या दाण्यानं साल भरून जावं म्हणून तिनं ठेवला, त्यानं... पण मारायला नाही ठेवला. हे तिला कोर्टात काळ्या कोटवाल्याकडून कळण्याआधी तुम्ही सांगा. हात धरून सांगा. मला एवढंच सुचतं. माझं चुकतही असेल."

"नाही होणार माह्यानं."

"मलाही होणार नाही म्हणून मी तिचं पत्र ठेवून दिलं होतं. शकुंतलेचं."

रघुनाथराव विहिरीत पाहत राहिले.

६

निघताना केसरबाईंनी ओसरीवरून हाक मारली. "बाबूजी, असे कसे जाऊन राहिले? थांबा." आत जाऊन त्यांनी पिशवीभर संत्री आणली. अंबिया बहाराची, पातळ सालीची. "मालतीताईले द्या. रिकाम्या हातानं या घरातून कोणी जात नाही."

मोरेश्वररावांनी पिशवी घेतली. नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं तर का, असं त्या विचारतील, आणि त्यांना सांगावं लागेल. कवडू सुटेल का, असं बाईंनी पुन्हा विचारलं. "सुटेल," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द गिळून फाटकाकडं वळले.

सौंसरच्या स्टँडवर पांढुर्ण्याची गाडी लागायची होती. त्यांनी टपालकचेरीतून आंतर्देशीय पत्र घेतलं आणि कँटीनच्या बाकावर बसून लिहिलं. शब्द निवडायला नेहमीसारखा वेळ लागला नाही, कारण निवडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सौ. शकुंतलाबाईस, होय. चाप न ओढता ती बंदूक उडते, आणि त्या संध्याकाळी तशीच उडाली. कवडूनं काडतूस घातलं नाही. ते कसं आत गेलं हे मला माहीत आहे आणि मी छिंदवाड्याला येऊन सांगेन. वकिलाला माझं नाव साक्षीदारांत लिहायला सांगा. उत्तराला उशीर झाला, त्याची क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही."

पत्ता लिहिताना त्यांच्या मनात केसरबाईंचं नाव दोनदा येऊन गेलं. तिला कळेल तेव्हा तिच्याजवळ कोण असेल? रघुनाथराव बोलले असतील का? की पेशीच्या दिवशी ती डोक्यावरून पदर घेऊन बाकावर बसलेली असेल, आणि कोणी अनोळखी माणूस हळदीचं नाव घेईल? तो अनोळखी माणूस आपणच असू, हे त्यांच्या लक्षात आलं.

लाल पेटी स्टँडच्या भिंतीला होती. पत्र आत टाकायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. ती कलंडली आणि एक संत्रं घरंगळत गाडीच्या चाकाखाली गेलं. ड्रायव्हरनं भोंगा दिला. "चला, पांढुर्णा! बाबूजी, येऊन राहिले का राहून राहिले?"

मोरेश्वररावांनी पत्राची कड पेटीच्या तोंडात घातली आणि धरून ठेवली. मागं ओढली असती तर ओढता आली असती.

मग त्यांनी बोटं सोडली. शेवटचं टपाल निघून गेलं असावं. पेटी रिकामी होती. कागद तळाशी पडल्याचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला.